वार, मीटर आणि योजन : दुकानातल्या पट्टीपासून सूर्यापर्यंत

वार हे माप कायद्याने रद्द होऊन साठ वर्षे उलटून गेली, तरी नऊवारी साडी नऊवारीच राहिली. तिला आठ मीटर तेवीस सेंटिमीटरची साडी असे कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. कापडाच्या धंद्यात जुने माप सहजासहजी मरत नाही. आजही ताक्याची लांबी मीटरमध्ये सांगितली जाते आणि त्याच ताक्याचा पन्हा मात्र छत्तीस, चव्वेचाळीस, अठ्ठावन्न असा इंचांत बोलला जातो. एकाच कापडाची लांबी फ्रेंचांच्या मापाने आणि रुंदी इंग्रजांच्या मापाने मोजली जात आहे, हे गिऱ्हाइकाच्या ध्यानीमनीही नसते. आयुष्यभर मीटरपट्टी हाती धरल्यामुळे ही पट्टी आली कोठून, हे जाणून घेण्याचा मला नाद लागला. शोध घेता घेता असे दिसले की पट्टीचे एक टोक दुकानाच्या गादीवर आहे आणि दुसरे थेट पृथ्वीच्या ध्रुवाशी, चंद्राशी आणि सूर्याशी जाऊन पोहोचते. आपल्या शास्त्रांतील योजनांचा प्रश्नही याच वाटेवर भेटतो, म्हणून हा विषय स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम आपल्या घरचे पाहू. इंग्रजी अमलातील मुंबई इलाख्यात कापडाची मापे तसू, हात आणि गज अशी होती. सोळा तसूंचा एक हात आणि चोवीस तसूंचा एक गज. मुंबईचा हा गज इंग्रजी मापाने २७ इंचांचा भरे. उत्तरेकडे अकबराच्या काळापासून चालत आलेला इलाही गज होता. त्याची नेमकी लांबी किती, यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी बराच खल केला आणि अखेर ३३ इंच असा निकाल दिला. पुढे गिरण्यांचे कापड आले आणि त्याबरोबर ३६ इंचांचा वार आला. कित्येक ठिकाणी त्या वारालाच गज म्हणू लागले. म्हणजे ‘एक गज कापड’ एवढेच म्हटले तर ते २७ इंच, ३३ इंच की ३६ इंच, हे गाव आणि दुकान कळल्याखेरीज सांगता येत नसे. हाताची कथा तर याहून सोपी आणि याहून अवघड. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, हे सर्वांना ठाऊक. पण हात कोणाचा? विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा?

हा प्रश्न आपल्या आचार्यांना परका नव्हता. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. देताना आखूड माप आणि घेताना लांब माप वापरणे हा चोरीचाच प्रकार मानला आहे. व्यापारी समाजासाठी लिहिलेल्या आचारधर्मात मापाला असे स्थान मिळावे, यात नवल नाही. नवल वाटते ते पुढे. मापाची हीच काळजी शास्त्रकारांनी द्वीपसमुद्रांच्या वर्णनातही घेतली आहे. त्याकडे शेवटी येऊ.

स्वतंत्र भारताने १९५६ साली वजने व मापे प्रमाणित करणारा कायदा केला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि १९५८ पासून दशमान वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू होत गेली. असा प्रयत्न पहिलाच होता असे नाही. इंग्रज सरकारने १८७० आणि १८७१ साली दशमान पद्धतीचे कायदे संमत केले होते, परंतु ते कागदावरच राहिले. स्वराज्यात मात्र बदल झाला, आणि तो दुकानदारांच्या पाठीवरून झाला. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर, मीटर वारापेक्षा तीन इंचांहून थोडा अधिक लांब. दीड रुपया वाराचे कापड मीटरला एक रुपया चौसष्ट पैसे पडते. हिशेब अगदी सरळ, पण ‘भाव वाढवला’ असे गिऱ्हाइकाला वाटू नये म्हणून तो दहा वेळा समजावून सांगावा लागे, असे आमच्या वडिलांच्या पिढीतील सर्वच कापड व्यापारी सांगत. पुढे १९७६ साली नवा कायदा आला आणि सध्या २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे. पट्टीवर निरीक्षकाचा शिक्का हवा, हे तत्त्व मात्र पहिल्यापासून आजतागायत तेच आहे.

आता हा मीटर आला कोठून? वार राजाच्या घरचा, हात आपल्या शरीराचा, मीटर कोणाचा? फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात असाच मापांचा गोंधळ होता. परगण्यापरगण्याचे माप वेगळे आणि जमीनदाराचे माप त्याच्या सोयीचे. १७९१ साली तेथील विज्ञान अकादमीने ठरविले की नवे माप कोणा राजाच्या पायाचे किंवा हाताचे नसावे. ते सर्व मानवजातीच्या सामाईक मालकीच्या वस्तूवरून घ्यावे. ती वस्तू म्हणजे पृथ्वी. विषुववृत्तापासून उत्तर ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, अशी व्याख्या झाली.

याचा अर्थ वाचकांनी क्षणभर थांबून पाहावा. आपल्या दुकानातली पट्टी ही मुळात पृथ्वीचा एक तुकडा आहे. मीटरचे रूपांतर ग्रहाच्या मापात करणे म्हणजे नवे काही करणे नव्हे. ज्या रस्त्याने माप आले, त्याच रस्त्याने परत जाणे होय. चार कोटी मीटर म्हणजे पृथ्वीला एक प्रदक्षिणा. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथून सरळ दक्षिणेस विषुववृत्त सुमारे १,८८० किलोमीटर, म्हणजे मीटरपट्टी अठरा लाख ऐंशी हजार वेळा मांडली की आपण पृथ्वीच्या मध्यरेषेवर पोहोचलो.

पृथ्वी प्रत्यक्ष मोजण्याचे काम देलांब्र आणि मेशें या दोन खगोलशास्त्रज्ञांवर सोपविले गेले. डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतचा रेखावृत्ताचा भाग त्यांनी १७९२ पासून सुमारे सात वर्षे, चालू क्रांतीच्या आणि युद्धाच्या धामधुमीत, त्रिकोण मांडीत मोजला. त्यांतील मेशेंची हकिकत कोणाही हिशेबनिसाने ऐकावी अशी आहे. बार्सिलोनात त्याने दोन ठिकाणांहून ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश काढला. त्या दोन उत्तरांत सुमारे तीन विकलांचा, म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ शंभर मीटरांचा फरक निघाला. हा फरक त्याने कोणाला सांगितला नाही. अकादमीपुढे मांडलेल्या आकड्यांतून तो वगळला आणि उरलेली वर्षे त्या एका नोंदीच्या ओझ्याखाली काढली. तो फरक सुधारण्यासाठीच तो पुन्हा स्पेनला गेला आणि १८०४ साली तेथे पीतज्वराने वारला. त्याच्या कागदांतून देलांब्रला ही गोष्ट कळली. आज आपल्याला माहीत आहे की विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचे अंतर १०,००० नव्हे, तर सुमारे १०,००२ किलोमीटर आहे. म्हणजे मीटर व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड राहिला. वीस मीटरच्या थानात हा फरक चार मिलिमीटर. तो मुख्यतः मेशेंच्या चुकीमुळे आला नाही. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे याचा अंदाज चुकला, म्हणून आला. ज्या नोंदीने बिचाऱ्याचे सुख हिरावून घेतले, ती नोंद मीटरला फारशी बाधलीच नव्हती.

चूक कळल्यावर पट्टी बदलली नाही, हे व्यापाऱ्यांच्या दृष्टीने शहाणपणाचे झाले. १८८९ साली प्लॅटिनम-इरिडियमचा दंड हाच मीटर ठरला. १९६० साली क्रिप्टॉनच्या प्रकाशलहरींवरून आणि १९८३ साली प्रकाशाच्या वेगावरून त्याची व्याख्या झाली. प्रकाश निर्वात जागेत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर जातो, तेवढा एक मीटर. लांबी तीच राहिली, साक्षीदार बदलले.

आपल्या बंदरावर मात्र पृथ्वीचे माप आजही रोज वापरात आहे. मिरकरवाड्याचा मच्छीमार अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही, सागरी मैलात सांगतो. अक्षांशाच्या एका कलेइतके अंतर म्हणजे एक सागरी मैल. आंतरराष्ट्रीय संकेताने १९२९ पासून तो १,८५२ मीटरांचा धरतात. पृथ्वीचा परीघ ३६० अंशांचा, प्रत्येक अंश ६० कलांचा, म्हणून पृथ्वीच्या भोवती २१,६०० सागरी मैल. राज्याच्या मासेमारी कायद्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सव्वाबावीस किलोमीटरला थोडे कमी. यावरून ट्रॉलरवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात तंटे होतात, ते अप्रत्यक्षपणे पृथ्वीच्या बारा कलांवरचे तंटे आहेत.

पृथ्वी मोजण्याचा उद्योग युरोपियनांनीच प्रथम केला असे मात्र समजू नये. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १,०५० योजने दिला. सूर्यसिद्धान्तात तो १,६०० योजने आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने सांगितला. त्यावरून व्यास सुमारे १,५८१ योजने येतो. हे आकडे वाचून आधुनिक वाचकाला लगेच प्रश्न पडतो की योजन म्हणजे किती किलोमीटर? लीलावतीत कोष्टक आहे: चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचे योजन. म्हणजे योजनात बत्तीस हजार हात. आपल्या मुंबई बाजाराचा १८ इंची हात घेतला तर योजन १४.६३ किलोमीटरचे होते. आता गुणाकार करावा. आर्यभटाची पृथ्वी १५,३६० किलोमीटर व्यासाची होते आणि सूर्यसिद्धान्ताची २३,४०० किलोमीटरची. प्रत्यक्षात पृथ्वीचा सरासरी व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. मग काय, सूर्यसिद्धान्तकार जवळजवळ दुपटीने चुकले? तसे म्हणणे घाईचे होईल. त्यांचे योजन आठ किलोमीटरचे असेल, आर्यभटाचे बाराचे असेल. २७ इंची गजाचे बिल ३६ इंची वाराने तपासले तर कोणताही दुकानदार लबाड ठरेल.

मग या प्राचीन आकड्यांना काहीच किंमत नाही काय? आहे, आणि ती किंमत व्यापाऱ्याला चटकन कळण्यासारखी आहे. सूर्यसिद्धान्तात चंद्राच्या कक्षेचा घेर ३,२४,००० योजने दिला आहे. त्यावरून चंद्राचे अंतर सुमारे ५१,५०० योजने येते. त्याच ग्रंथात पृथ्वीची त्रिज्या ८०० योजने आहे. आता भागाकार करा: चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६४ पट दूर. आजच्या मोजणीप्रमाणे चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे ६०.३ पट. चौसष्ट आणि साठ! दुर्बीण नसताना, केवळ चंद्राचे लंबन पाहून, म्हणजे तो क्षितिजाजवळ असताना आपल्या जागेपासून किती हललेला दिसतो हे तपासून, ही मंडळी इतकी जवळ पोहोचली होती. योजन किती किलोमीटरचे, हा वाद या हिशेबात उरतच नाही. वर योजन, खाली योजन, भागाकारात दोन्ही गळून पडतात. दोन्ही कापडे एकाच हाताने मोजली असतील, तर तो हात कोणाचा होता हे विचारण्याची गरज राहत नाही.

सूर्याच्या बाबतीत मात्र हे गणित फसले. सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात, असे सिद्धान्तकारांनी गृहीत धरले होते. चंद्राला प्रदक्षिणेस सव्वासत्तावीस दिवस आणि सूर्याला सव्वातीनशेपासष्ट दिवस लागतात. म्हणून सूर्य चंद्रापेक्षा सुमारे १३.४ पट दूर, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वास्तविक तो सुमारे ३८९ पट दूर आहे. येथे मोजणी नव्हती, अनुमान होते. सिद्धान्तग्रंथांतील अशा मानांची चिकित्सा मराठीत प्रथम सविस्तर केली ती आपल्या जिल्ह्याच्या सुपुत्राने. दापोली तालुक्यातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३ ते १८९८) यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. जुन्याचा अभिमान आणि आकड्यांचा प्रामाणिकपणा एकत्र कसे नांदू शकतात, हे पाहायचे असेल तर तो ग्रंथ चाळावा.

दीक्षितांचे निधन झाले त्याच वर्षी, २२ जानेवारी १८९८ रोजी, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील विजयदुर्गावरून खग्रास सूर्यग्रहण दिसले. इंग्लंडहून नॉर्मन लॉकियर आपली उपकरणे घेऊन तेथे आले होते आणि ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीस होते. त्यांच्या उपकरणांचे चौथरे किल्ल्यात आजही दाखवितात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. नायगमवाला यांनी तेच ग्रहण सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून अभ्यासले. (हेलियम विजयदुर्गावर सापडला असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात, ते बरोबर नाही. सूर्याच्या प्रकाशातील ती पिवळी रेषा १८६८ सालीच दिसली होती आणि पृथ्वीवर हेलियम रॅम्से यांना १८९५ साली मिळाला होता. विजयदुर्गाचे महत्त्व त्यावाचूनही कमी होत नाही.) चंद्राची चकती सूर्याला तंतोतंत झाकते, कारण सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट मोठा आहे आणि जवळजवळ तितक्याच पटीने दूर आहे. ग्रहण मात्र एवढेच सांगते की आकाराचे गुणोत्तर आणि अंतराचे गुणोत्तर सारखे आहे. ते १३ की ४००, हे सांगण्यास दुसरी युक्ती हवी होती.

ती युक्ती सापडण्यास युरोपलाही फार वेळ लागला. १६१९ साली केप्लरने ग्रहांचे प्रदक्षिणाकाल आणि अंतरे यांचा नियम शोधला. त्याने सूर्यापासून पृथ्वीचे अंतर ‘एक’ मानले की शुक्र ०.७२, मंगळ १.५२, गुरू ५.२, शनी साडेनऊ, असा सर्व सूर्यमालेचा भावतक्ता तयार झाला. फक्त एकच गोष्ट कळत नव्हती, ती म्हणजे त्या ‘एक’चे कोस किंवा मैल किती. सूर्यमालेचा नकाशा होता, पण नकाशाच्या कोपऱ्यातील प्रमाण कोरे होते. या ‘एक’लाच खगोलीय एकक म्हणतात. ग्रहांच्या अंतरांसाठी आजही तेच वापरतात, कारण तेथे किलोमीटर म्हणजे शंभर गाठींच्या मालाचा हिशेब धाग्यांत ठेवण्यासारखे होईल.

१६७२ साली कॅसिनी आणि रिशे यांनी पॅरिस व दक्षिण अमेरिकेतील कायेन येथून एकाच वेळी मंगळ पाहून या एककाची किंमत सुमारे १४ कोटी किलोमीटर काढली. पुढे शुक्राच्या अधिक्रमणांकडे सर्वांचे डोळे लागले. शुक्र सूर्याच्या बिंबावरून सरकताना पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून पाहिला, तर अंतर अधिक नेमके काढता येते. १७६१ च्या अधिक्रमणासाठी ल जांतिय हा फ्रेंच ज्योतिषी पुदुच्चेरीस निघाला. तो पोहोचेपर्यंत ते ठाणे इंग्रजांनी घेतले होते. अधिक्रमण त्याने डोलत्या जहाजावरून पाहिले, त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढचे १७६९ साली होते म्हणून तो आठ वर्षे पूर्वेकडेच राहिला, पुदुच्चेरीत वेधशाळा उभारली, आणि नेमक्या त्या दिवशी सकाळी आभाळ आले. घरी परतला तेव्हा तो मेला असे समजून वारसांनी त्याच्या मालमत्तेची वाटणी सुरू केली होती. ८ जून २००४ चे अधिक्रमण आपल्या राज्यातूनही दिसण्याजोगे होते. त्यानंतरचे २०१२ साली झाले. आता पुढचे २११७ साली, म्हणजे आपल्यापैकी कोणाच्याही नशिबी नाही.

१९६१ साली शुक्रावर रडारच्या लहरी सोडून, त्या परत येण्यास लागणारा वेळ मोजून हा प्रश्न सुटला. २०१२ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने बीजिंग येथील अधिवेशनात खगोलीय एकक म्हणजे १,४९,५९,७८,७०,७०० मीटर, असे कायमचे ठरवून टाकले. सुमारे पंधरा कोटी किलोमीटर. पृथ्वीला जी सर्वांत मोठी पट्टी लागली, तिच्यावरही अखेर मीटरचा शिक्का बसला. म्हणून आता रूपांतर सरळ आहे. भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचले. १५ लाख किलोमीटर ऐकून छाती दडपते. पण तो खगोलीय एककाचा फक्त शंभरावा भाग आहे. सूर्याकडे जाण्याच्या रुपयातला एक पैसा.

गंमत म्हणून आमच्या धंद्याच्या मापातही हा हिशेब मांडून पाहिला. नऊवारी साड्या टोकाला टोक जोडून पसरल्या तर पृथ्वीभोवती सुमारे ४८ लाख ६१ हजार साड्या लागतील. चंद्रापर्यंत ४ कोटी ६७ लाख, आणि सूर्यापर्यंत सुमारे १,८१८ कोटी. जगाची लोकसंख्या आज आठ अब्जांहून अधिक आहे. प्रत्येकाच्या नावे दोन साड्या धरल्या तरी सूर्य थोडा दूरच राहतो.

आता आपल्या शास्त्रांकडे येतो. तिलोयपण्णत्तीत अंगुल एक नाही, तीन आहेत. उत्सेधांगुल देहाची उंची मोजण्यासाठी, प्रमाणांगुल द्वीप, समुद्र, पर्वत यांच्यासाठी, आणि आत्मांगुल ज्या त्या काळच्या माणसाच्या बोटाचे, घरे, भांडी, बागा अशा नित्य वस्तूंसाठी. प्रमाणांगुल उत्सेधांगुलाच्या पाचशे पट. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला, त्याच्या प्रारंभीच्या परिभाषेतही हा भेद आहे. श्वेतांबर परंपरेच्या अनुयोगद्वार सूत्रात हीच तीन अंगुले आहेत, मात्र तेथे गुणक हजाराचा आहे. हे ग्रंथ आज हाती घेता येतात याचे श्रेय महाराष्ट्रालाही आहे. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज ग्रंथमालेत तिलोयपण्णत्ती डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केली, आणि १९६३ साली त्याच मालेत प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांनी हिंदी अनुवादासह गणितसारसंग्रह आणला.

‘हात कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर शास्त्रकारांनी असे मापाच्या नावातच देऊन ठेवले. बाजाराचे माप निराळे, लोकवर्णनाचे माप निराळे, आणि दोहोंची सरमिसळ करू नये म्हणून नावेही निराळी. असे असताना अलीकडे काही पुस्तिकांत जंबूद्वीपाचा एक लाख योजनांचा व्यास सरळ किलोमीटरमध्ये छापलेला दिसतो. हे किती धोक्याचे आहे, ते आकड्यांनीच दाखवितो. १८ इंची हात धरून, पाचशेने गुणून, महायोजन ७,३१५ किलोमीटरचे होते. काही जण महायोजन दोन हजार कोसांचे आणि कोस दोन मैलांचा धरतात. त्याने ते ६,४३७ किलोमीटरचे होते. एका योजनामागे ८७८ किलोमीटरचा फरक. लाखाने गुणले की फरक आठ कोटी अठ्ठ्याहत्तर लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्म्याहून जास्त. पाचशेऐवजी हजार घेतले तर सगळेच दुप्पट. आणि हा फरक कशातून आला? माणसाचा हात किती इंचांचा, यातून! अशा आकड्याने विज्ञान खोटे ठरत नाही आणि शास्त्रही खरे ठरत नाही. ज्याची प्रमाणित पट्टी आपल्याजवळ नाही, त्याचे बिल दुसऱ्या पट्टीने करू नये, एवढे तरी आपण व्यापारी असून जाणलेच पाहिजे. रज्जूची गोष्ट तर विचारूच नये. लोकाची उंची चौदा रज्जू. आणि रज्जू स्वतः असंख्यात योजनांचा. ज्याला शास्त्रकारांनीच असंख्यात म्हटले, त्याचे किलोमीटर करणारे आपण कोण?

पाठशाळेतील मुले ‘जंबूद्वीप किती किलोमीटर?’ असे विचारतात आणि विचारणारच. त्यांना गप्प करू नये आणि ठोकून आकडाही देऊ नये. त्यांना गुणोत्तरे शिकवावीत. ती कोणत्याही योजनाने तीच येतात. जंबूद्वीप एक लाख योजने, त्याभोवती लवणसमुद्राची रुंदी दोन लाख, धातकीखंडाची चार लाख, कालोदधीची आठ लाख, आणि पुष्करार्धाची आठ लाख. प्रत्येक वलय दोन्ही बाजूंना येते, म्हणून दोन, चार, आठ आणि आठ यांची बेरीज बावीस, तिची दुप्पट चव्वेचाळीस, आणि मधला एक मिळवून पंचेचाळीस. मनुष्यलोकाचा व्यास शास्त्रात पंचेचाळीस लाख योजने सांगितला आहे, तो असा पाटीवर मुलांच्या हाताने निघतो. थोड्या मोठ्या मुलांना जंबूद्वीपाचा परीघ द्यावा: ३,१६,२२७ योजने, ३ कोस, १२८ धनुष्ये आणि साडेतेरा अंगुलांहून थोडा अधिक. दहाचे वर्गमूळ काढून एक लाखाने गुणले की हाच आकडा येतो, आणि अंगुलापर्यंत उतरण्यासाठी किती दशांश स्थळे लागतात, हे त्यांना वहीत मोजू द्यावे.